आनुवंशिक संयोजी-ऊती विकार आणि स्वरतंतूंतील रक्तस्राव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एहलर्स-डॅनलोस, मार्फन किंवा ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (ठिसूळ हाडांचा विकार) यांसारखा संयोजी ऊतींचा, म्हणजे शरीराला जोडून धरणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतींचा, जन्मजात विकार असलेल्या व्यक्तीचा आवाज एकाएकी बसतो आणि तपासणीत स्वरतंतूत रक्त साकळलेले दिसते, तेव्हा रुग्ण, घरची मंडळी आणि पुष्कळदा स्थानिक डॉक्टरही गोंधळून जातात. स्वरतंतूंतील रक्तस्रावावर सर्वसामान्य रुग्णांसाठी ठरलेली उपचारपद्धती आहे, पण ज्याच्या शरीरातील ऊतीच मुळात नाजूक आहेत त्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही. असे रुग्ण विरळ असल्यामुळे या विषयावर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. त्यामुळे पुढील उत्तरे स्वरतंतूंवरील रूढ उपचार आणि या विकारांत रक्तस्राव कसा होतो याविषयीचे ज्ञान, या दोहोंची सांगड घालून दिली आहेत. प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय अर्थातच तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

स्वरतंतूत रक्तस्राव होतो म्हणजे नेमके काय घडते?

प्रौढ पुरुष साधे बोलत असताना त्याचे दोन स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आणि स्त्री बोलत असताना सुमारे २०० वेळा कंप पावतात, आणि तारसप्तकात गाताना हा आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. जपानी शल्यचिकित्सक मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की स्वरतंतू एकसंध नसून थरांनी बनलेला असतो : वर पातळ आवरण, त्याखाली अत्यंत मऊ व ओलसर थर, त्याखाली लवचीक आणि चिवट तंतूंचे थर, आणि सर्वांत आत स्नायू. वरच्या मऊ थरातून केसाहून बारीक रक्तवाहिन्या तंतूच्या कडेला समांतर धावतात. ओरडणे, जोराची शिंक, खोकल्याची उबळ किंवा हुंदके देऊन रडणे यांपैकी कशाच्याही ताणाने त्यांतील एखादी फुटली, की रक्त त्या मऊ थरात पसरते. तो थर जड आणि ताठर होतो, कंप थांबतो आणि आवाज जातो. रक्त आवरणाच्या आतच राहते. थुंकीत लाल काही दिसत नाही, म्हणून रुग्णाला बहुधा शंकाही येत नाही.

संयोजी ऊतींच्या विकारात हा धोका का वाढतो?

रक्तवाहिनीची भिंत आणि तिच्याभोवतीचा आधार, दोन्ही कोलॅजेन व इलॅस्टिन यांसारख्या प्रथिनांवर उभे असतात. एहलर्स-डॅनलोसच्या रक्तवाहिन्यांशी निगडित प्रकारात सीओएल३ए१ या जनुकातील दोषामुळे टाइप ३ कोलॅजेन कमी किंवा सदोष तयार होते, आणि हेच कोलॅजेन रक्तवाहिन्यांच्या भिंतींत तसेच स्वरतंतूंच्या आतील थरांत मोठ्या प्रमाणावर असते. एहलर्स-डॅनलोसच्या अभिजात (क्लासिकल) प्रकारात दोष टाइप ५ कोलॅजेनचा असतो. त्यामुळे तंतूंची जुळणीच बिघडते, त्वचा मऊ व ताणली जाणारी होते आणि किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे पडते. मार्फन विकारात फायब्रिलिन-१ हे प्रथिन, तर ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाच्या बहुतेक रुग्णांत टाइप १ कोलॅजेन सदोष असते.

स्वरतंतूंपुरता विचार केला तर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. बारीक वाहिनी लवकर फुटते, आणि फुटल्यावर तिला दाबून धरणारी भोवतालची ऊती सैल असल्यामुळे रक्त अधिक दूरवर पसरते. शिवाय अतिलवचीक सांध्यांच्या प्रकारात स्वरयंत्राचे इवलेसे सांधेही सैल असू शकतात. मग आवाज स्थिर ठेवण्यासाठी रुग्ण नकळत गळ्याचे स्नायू आवळून बोलतो, दिवसाअखेर आवाज थकतो आणि त्या जोर लावण्याचा भार पुन्हा त्याच नाजूक वाहिन्यांवर पडतो. ज्यांना वर्षानुवर्षे ‘तुझा आवाज असाच नाजूक आहे’ असे ऐकवले गेले, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत मूळ कारण हे असते.

माझ्या रक्ताच्या सगळ्या चाचण्या नॉर्मल आल्या. मग रक्तस्राव होतो कसा?

या विषयात सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत. प्लेटलेटची संख्या, प्रोथ्रॉम्बिन टाइम, एपीटीटी या चाचण्या रक्त गोठते की नाही एवढेच सांगतात. वाहिनीची भिंत किती मजबूत आहे, हे त्यांतून कळत नाही. पाटाचे बांधच कच्चे असतील तर पाणी तपासून काय हाती लागणार? एहलर्स-डॅनलोसच्या बहुसंख्य रुग्णांत या चाचण्या नॉर्मलच येतात, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य ऐकून रुग्ण घरी परततो. माझ्या मते या रुग्णांचे सर्वाधिक नुकसान या एका वाक्याने होते, कारण त्यानंतर पेनकिलर चालू राहते, बोलणे चालू राहते आणि स्वरतंतू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रक्ताळतो.

असे असले तरी चाचण्या टाळू नयेत. काही रुग्णांत प्लेटलेटच्या कार्यातही सौम्य दोष आढळतो, आणि व्हॉन विलेब्रँड आजार (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकातील दोष) समाजात तुलनेने सामान्य असल्याने तो याच व्यक्तीला वेगळा झालेला असू शकतो. त्यावर निश्चित औषधोपचार आहे, त्यामुळे तो शोधून काढण्याचा लाभ मोठा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तविज्ञान संस्थेत अशा रक्तस्रावी विकारांच्या सखोल तपासण्या होतात.

मला असा विकार आहे हे अजून कोणी सांगितलेले नाही. संशय केव्हा घ्यावा?

स्वरतंतूत पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत असेल आणि त्याच्या जोडीला लहानपणापासून काळेनिळे डाग पडणे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणे, पाळीत अतिस्राव, सांधे वारंवार निखळणे, पातळ व रुंद पसरणारे व्रण, किंवा कुटुंबात तरुण वयात महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) फाटून झालेला मृत्यू यांपैकी काही असेल, तर वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा. अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकतो का, कोपर व गुडघा उलट दिशेला वाकतो का, अशा ९ गुणांच्या बायटन मोजणीने सांध्यांची लवचीकता पाहतात. प्रौढांत ५ किंवा अधिक गुण महत्त्वाचे मानले जातात. एहलर्स-डॅनलोसचे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १३ प्रकार नोंदवले आहेत. त्यांपैकी अतिलवचीक सांध्यांचा प्रकार सोडल्यास बाकीच्यांचे जनुकीय निदान होऊ शकते. त्या एका प्रकाराचे निदान मात्र लक्षणांवरूनच करावे लागते.

नाकातून वारंवार रक्त येणे आणि ओठ-जिभेवर बारीक लाल ठिपके दिसणे, हा आनुवंशिक रक्तस्रावी टेलँजिएक्टेशिया नावाचा निराळा विकार असू शकतो. तो संयोजी ऊतींचा नसून रक्तवाहिन्यांच्या घडणीचा आहे, पण स्वरयंत्रापुरती काळजी बरीचशी सारखीच.

लक्षणे कोणती, आणि तातडीने रुग्णालय केव्हा गाठावे?

ठळक खूण म्हणजे आवाज एका क्षणात बदलणे. सर्दीत आवाज हळूहळू बसतो. रक्तस्रावात मात्र वाक्याच्या मध्यावर, एखाद्या तानेवर किंवा एका शिंकेनंतर आवाज फाटतो, घोगरा होतो किंवा वरचे स्वर अजिबात लागत नाहीत. बहुतेकांना वेदना होत नाहीत. असे झाले की बोलणे तिथेच थांबवावे आणि शक्यतो एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.

श्वास घेताना घरघर होणे, श्वास अपुरा पडणे, गिळता न येणे किंवा मान सुजणे यांपैकी काहीही असल्यास मात्र वेळ न दवडता रुग्णालयात जावे, कारण नाजूक ऊतीत रक्त स्वरतंतूपुरते न थांबता आसपास पसरू शकते.

आणखी एक गोष्ट मार्फन किंवा रक्तवाहिन्यांशी निगडित एहलर्स-डॅनलोस असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन पुन्हा वर येते. महाधमनी फुगली तर ही नस ताणली किंवा दाबली जाते, डावा स्वरतंतू लुळा पडतो आणि आवाज घोगरा होतो. म्हणजे या रुग्णांत नव्याने बसलेला आवाज कधी कधी छातीतील मोठ्या संकटाची पहिली सूचना असते. आवाजासोबत छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली तर कान-नाक-घसा विभागात न जाता थेट आपत्कालीन विभागात जावे आणि आपला विकार दारातच सांगावा.

तपासणी कशी करतात? या विकारांत तिच्यात काही फरक पडतो का?

स्ट्रोबोस्कोपी ही महत्त्वाची तपासणी. लुकलुकणाऱ्या प्रकाशात स्वरतंतूंचा कंप संथ झाल्यासारखा दिसतो, आणि कोणता भाग थरथरतो, कोणता ताठरला आहे, कुठे फुगलेली वाहिनी आहे, हे कळते. ताजे रक्त लालभडक दिसते, दिवस जातात तसा रंग पिवळसर होत जातो.

सरळ दुर्बीण तोंडातून घालताना तोंड मोठे उघडावे लागते व जीभ बाहेर ओढून धरतात. ज्यांचा जबडा निखळतो त्यांनी हे आधी सांगावे, म्हणजे नाकातून जाणारी बारीक लवचीक दुर्बीण वापरता येते. नाकातून जातानाही ती सावकाश घालावी लागते, कारण नाकाचे अस्तरही तितकेच नाजूक असते. अतिलवचीक सांध्यांच्या प्रकारातील अनेक रुग्णांत बधिर करणारे औषध कमी चालते किंवा लवकर उतरते. ‘एवढेही सहन होत नाही का’ असे म्हणण्याऐवजी डॉक्टरांनी ही गोष्ट खरी मानून थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिला उपचार कोणता?

मौन. रक्त शोषले जाऊन फुटलेली वाहिनी बंद होईपर्यंत स्वरतंतू एकमेकांवर आपटू न देणे, हाच या दुखण्यावरील मुख्य उपचार आहे, आणि नाजूक ऊतींच्या रुग्णाला त्याचा आधार इतरांपेक्षा अधिक घ्यावा लागतो, कारण त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वाट खडतर आहे.

मौन म्हणजे पूर्ण मौन. कुजबुजणेही नको, कारण कुजबुजताना बरेच जण गळा अधिकच आवळतात. होकारासाठी ‘हं’ म्हणणे, पूजेच्या वेळी ओठांतल्या ओठांत स्तोत्र पुटपुटणे, गुळण्या करताना घशातून आवाज काढणे, पलीकडच्या खोलीतल्या मुलाला एकच हाक मारणे, या सगळ्यांत स्वरतंतू वापरले जातात. घसा खाकरणे तर बोलण्यापेक्षाही वाईट. खाकरावेसे वाटले की पाण्याचा एक घोट घ्यावा किंवा नुसता आवंढा गिळावा. पाटी, वही किंवा व्हॉट्सअ‍ॅप यांवर काम भागवावे, आणि घरात सर्वांना पहिल्याच दिवशी लिहून सांगावे, म्हणजे कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत उभे राहणार नाही.

जड वजन उचलताना किंवा शौचाला कुंथताना स्वरतंतू घट्ट मिटतात आणि वाहिन्यांतील दाब चढतो. म्हणून पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, व्यायामशाळेतील वजने या काळात बंद ठेवावीत, आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपाय करावा.

मौन किती दिवस पाळायचे?

सर्वसाधारणपणे ७ ते १४ दिवस. मात्र मौन सुटण्याचा निर्णय स्ट्रोबोस्कोपीत काय दिसते यावर घ्यावा, कारण आवाज परत आल्यासारखा वाटला तरी आतला थर ताठर असू शकतो. संयोजी ऊतींच्या विकारात जखम सावकाश भरते, म्हणून एक आठवड्यानंतरची तपासणी पाहून मौन वाढवण्याची मनाची तयारी ठेवावी. बोलायला सुरुवात करताना पहिल्या दिवशी थोडी मिनिटे, मग हळूहळू वाढ, आणि आवाज पुन्हा फाटला की लगेच थांबणे, हा क्रम स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली असावा.

सांधेदुखीसाठी मी रोज गोळी घेते. ती चालू ठेवू का?

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधे प्लेटलेटचे काम मंदावतात. कॉम्बिफ्लॅमसारख्या जोडगोळीत आयबुप्रोफेन असतेच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अतिलवचीक सांध्यांचे रुग्ण वेदनेमुळे या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात, आणि स्वरतंतूत रक्त आल्यावर ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाला ‘काही नाही, फक्त दुखण्याची गोळी’ असे उत्तर देतात. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, जिंको, ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या यांचाही उल्लेख डॉक्टरांकडे करावा. स्वयंपाकातील हळद-लसणाबद्दल चिंता नको. नैराश्यावरील काही औषधांनीही रक्तस्रावाची प्रवृत्ती थोडी वाढते, पण ती मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर?

मार्फनच्या ज्या रुग्णांना हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांना वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम आयुष्यभर घ्यावे लागते. आवाजासाठी ते स्वतःहून थांबवणे म्हणजे झडपेवर गुठळी आणि पक्षाघात ओढवून घेणे. आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे हे दाखवणारा आकडा) तपासून घ्यावा, तो मर्यादेबाहेर असल्यास हृदयतज्ज्ञ मात्रा बदलतील, आणि मर्यादेत असल्यास मौन अधिक काळ पाळावे लागेल.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, डेस्मोप्रेसिन, सी जीवनसत्त्व : यांचा उपयोग होतो का?

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही, त्यामुळे रक्तस्राव चालू असेल किंवा शस्त्रक्रिया होणार असेल तर त्याचा विचार होतो. स्वरतंतूत आधीच साकळलेले रक्त मात्र त्याने हटत नाही. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेल्यांना ते देताना फार जपावे लागते.

डेस्मोप्रेसिन शरीरातील साठ्यातून व्हॉन विलेब्रँड घटक रक्तात सोडते. एहलर्स-डॅनलोसच्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, त्याचा फायदा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, गोठण्याच्या चाचण्या नॉर्मल असतानाही. पण ते शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तातील सोडियम घसरू शकते, म्हणून पहिली मात्रा रुग्णालयात, पाणी पिण्यावर मर्यादा घालून आणि रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावी. दर वेळच्या रक्तस्रावावरचा हा उपचार नव्हे. वारंवार होणारा रक्तस्राव किंवा ठरलेली शस्त्रक्रिया, एवढ्यापुरतीच त्याची जागा.

सी जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचे धागे नीट विणले जात नाहीत हे खरे, आणि काळेनिळे डाग कमी व्हावेत म्हणून काही तज्ज्ञ ते पूरक म्हणून देतात. जनुकातील दोष मात्र त्याने दुरुस्त होत नाही, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असल्यास मोठे डोस टाळावेत. आवळा, पेरू, लिंबू जेवणात असावेत.

स्टेरॉइडची गोळी घेऊन आवाज लवकर येतो असे ऐकले आहे.

सूज उतरून आवाज तात्पुरता मोकळा वाटतो, आणि धोका नेमका तिथेच आहे : रुग्ण बोलू लागतो, गाऊ लागतो, आणि न भरलेली वाहिनी पुन्हा फुटते. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास त्वचा व वाहिन्या पातळ होतात, जे या रुग्णांना मुळीच परवडणारे नाही. कार्यक्रम तोंडावर आला म्हणून स्टेरॉइड घेऊन मंचावर जाणे, हा मला सर्वांत वाईट सौदा वाटतो.

खोकला आणि सर्दी झाली आहे. कोणती औषधे टाळावीत?

खोकला आधी आटोक्यात आणलाच पाहिजे, कारण प्रत्येक उबळीत स्वरतंतू एकमेकांवर जोरात आदळतात. दमा, आम्लपित्त, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, यांपैकी कारण कोणते ते शोधून त्यावर उपचार करावा.

प्रतिजैविकांच्या बाबतीत एक सूचना ठळकपणे सांगितली पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही फ्लोरोक्विनोलोन गटातील औषधे आपल्याकडे घशासाठी, पोटासाठी, तापासाठी सर्रास दिली जातात आणि उरलेली पाने घरच्या डब्यात पडून असतात. या गटामुळे स्नायुबंध तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २००८ मध्ये दिला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तिने महाधमनी फुगण्या-फाटण्याचा धोका सांगताना मार्फन आणि एहलर्स-डॅनलोसच्या रुग्णांचा नावानिशी उल्लेख केला. दुसरा पर्याय असताना या रुग्णांनी ही औषधे घेऊ नयेत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते, त्याने रक्तदाब चढतो. महाधमनी रुंदावलेल्यांनी त्याही टाळाव्यात.

घरगुती उपायांपैकी कोमट पाणी चांगले. ज्येष्ठमधाची काडी गायक मंडळी हमखास चघळतात, पण ज्येष्ठमध जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते, त्यामुळे मार्फनच्या रुग्णाने त्यापासून दूर राहावे. तसेही गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर पडत नाही.

लेझर किंवा शस्त्रक्रिया केव्हा करावी?

पहिल्याच रक्तस्रावानंतर करू नये. साकळलेले रक्त बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शोषले जाते. शस्त्रक्रियेचा विचार तीन प्रसंगी होतो : रक्ताचा मोठा फुगवटा शोषला जात नसेल, त्याचा पॉलिप (मऊ गाठ) झाला असेल, किंवा एकाच फुगलेल्या वाहिनीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल.

तिसऱ्या प्रसंगी ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा केटीपी लेझर उपयोगी पडतो. त्याचा हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे वरचे आवरण फारसे न दुखावता आतील वाहिनी बंद करता येते. चाकूने छेद घेऊन रक्त काढण्यापेक्षा नाजूक ऊतींच्या रुग्णाला हा मार्ग तुलनेने सौम्य आहे. तरीही ऊर्जेची मात्रा कमी ठेवावी, एका बैठकीत एकच बाजू किंवा थोडकाच भाग करावा, आणि दिसेल ती प्रत्येक वाहिनी जाळण्याचा मोह आवरावा. अभिजात एहलर्स-डॅनलोसमध्ये त्वचेवर सिगारेटच्या कागदासारखे पातळ, सुरकुतलेले व्रण राहतात. स्वरतंतूवरील व्रण बाहेरून दिसत नाही, पण कंप कायमचा बिघडवतो, आणि ताठरलेला स्वरतंतू पूर्ववत करणारा खात्रीचा उपाय आज हातात नाही. थोडा घोगरा पण चालणारा आवाज असेल, तर तो परिपूर्ण करण्याच्या नादात शस्त्रक्रिया करू नये, असे माझे मत आहे.

भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना काय सांगावे?

सगळेच, आणि आदल्या आठवड्यात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सांगून उपयोग नसतो. स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेत रुग्णाची मान मागे झुकवून तोंडातून धातूची नळी घालतात आणि ती टांगून स्थिर ठेवतात. सैल जबडा यात निखळू शकतो, मानेचे वरचे मणके सैल असतील तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टात दात तुटण्याचा किंवा हाडाला चीर जाण्याचा धोका असतो. म्हणून मान किती झुकवता येईल हे रुग्ण जागा असतानाच पाहून घ्यावे आणि शंका असल्यास मानेचे चित्रण करावे.

श्वासनलिकेतील नळी शक्य तितकी बारीक आणि तिच्या फुग्यातील दाब कमी असावा. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांत वापरला जाणारा जोरदार झोताचा कृत्रिम श्वास मार्फन व रक्तवाहिन्यांशी निगडित एहलर्स-डॅनलोसमध्ये फुफ्फुस फुटण्याच्या भीतीमुळे शक्यतो टाळावा. महाधमनीची अलीकडची इकोकार्डिओग्राफी हाताशी असावी आणि रक्तदाब चढू देऊ नये. भूल उतरताना खोकला आला तर ताज्या जागी पुन्हा रक्तस्राव होतो, त्यामुळे रुग्णाला शांतपणे जागे करण्याची योजना आधीच ठरवावी. चिकटपट्टी ओढून काढताना त्वचा सोलवटते, हे परिचारिकेलाही सांगावे.

स्पीच थेरपीने रक्तस्राव थांबतो का?

झालेला रक्तस्राव थांबत नाही, पुढचा टळू शकतो. गळा न आवळता बोलणे, श्वासाच्या आधाराने वाक्य तोडणे, बारीक नळीतून हलका आवाज सोडण्याचे व्यायाम, यांमुळे स्वरतंतूंवरील आघात कमी होतो. गळ्याचा मसाज मात्र या रुग्णांत अगदी हलक्या हाताने करावा, आणि मानेला झटके देणारे प्रकार मुळीच करू नयेत.

मी शिक्षिका आहे, मुलगी शास्त्रीय गाणे शिकते. आम्ही आवाजाचे काम सोडून द्यावे का?

सोडण्याची गरज क्वचित पडते, पद्धत मात्र बदलावी लागते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पंख्याच्या आवाजावर आवाज चढवण्याऐवजी कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक वापरावा. शाळेने त्याकडे लाड म्हणून पाहू नये. गाणाऱ्या मुलीने स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरावी, गुरूंना विकाराची पूर्ण कल्पना द्यावी, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत तारसप्तकाचा जोरकस रियाज टाळावा, कारण त्या काळात स्वरतंतूंच्या वाहिन्या फुगलेल्या असतात. रोजचा रियाज लहान तुकड्यांत करावा. गणेशोत्सवात ढोल-ताशाच्या शेजारी ओरडून बोलणे तर दोघींनीही टाळावे. आवाज बसल्याच्या दिवशी कार्यक्रम रद्द करणे हा कमीपणा नाही, हे मुलीला घरच्यांनी सांगितले तरच ती ते करू शकते.

कुटुंबातील इतरांनी तपासणी करावी का?

मार्फन, अभिजात व रक्तवाहिन्यांशी निगडित एहलर्स-डॅनलोस आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाचे बहुतेक प्रकार प्रभावी (डॉमिनंट) पद्धतीने वारशात येतात, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाला विकार असला तरी प्रत्येक अपत्याला विकार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. कुटुंबात जनुकीय दोष निश्चित झाला असेल तर आईवडील, भावंडे व मुले यांनी जनुकीय समुपदेशन घेऊन तपासणी करावी. ज्याच्या महाधमनीवर लक्ष ठेवणे गरजेचे आहे, तो कदाचित आवाजाची काहीच तक्रार नसलेला भाऊ असेल.

कोणाकडे जावे, आणि सोबत काय न्यावे?

स्ट्रोबोस्कोपीची सोय असलेला आणि आवाजाच्या विकारांवर नियमित काम करणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ हा पहिला मुक्काम. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवण विषयांतील तज्ज्ञ आहेत, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आवाजाच्या विकारांसाठी देशभर ओळखली जाते, आणि केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

जाताना एक कागद मराठीत आणि इंग्रजीत लिहून न्यावा : विकाराचे नाव व प्रकार, जनुकीय अहवाल असल्यास त्याची प्रत, महाधमनीची शेवटची मोजमापे व तारीख, पूर्वीचे सगळे रक्तस्राव, जबडा-मान-दात यांच्या तक्रारी, बधिर करणारे औषध चालते की नाही, चालू असलेली प्रत्येक गोळी, आणि टाळायच्या औषधांत फ्लोरोक्विनोलोन व अ‍ॅस्पिरिन गटाची नावे. मौनाच्या काळात रुग्णाला स्वतः काही सांगता येत नाही, म्हणून हा कागद पाकिटात आणि त्याचा फोटो घरातील आणखी एका व्यक्तीच्या फोनमध्ये असावा.